खार उतरेपर्यंत

"देवीची मर्जी म्हनं! देवीनं येऊन तुज्या कानात सांगलं काय रं, बांध फुटू दे म्हनून?"

कमळीचा आवाज एवढा चढला की खाडीवरचे बगळे उडाले. ती गुडघाभर चिखलात, आणि वर कोरड्या जागी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तिचा दीर ज्ञानू. आषाढातल्या अवसेच्या उधाणानं बांध फोडला होता आणि खाडी सगळी शेतात शिरली होती. शेत ज्ञानू आणि त्याचा थोरला भाऊ जानू या दोघांचं. गावातलं उरलेलं शेवटचं भाताचं शेत. मी शेजारची दुर्गा. गंमत बघायला गेले होते, खोटं कशाला बोलू.

करंजाड्याच्या टॉवरांच्या खाली, खाडीच्या अंगाला आमचं गाव. पूर्वी दरसाल घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला जायचा. मग सगळ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि चिखलात हात घालायची लाज वाटायला लागली. चार वर्षं बांधाला कुणी ढेकूळ लावलं नाही. खेकड्यांनी तो आतून पोखरला. आणि फुटल्यावर अख्ख्या गावानं हात जोडले, "देवावर सोडा!" आमचं गाव मोठं भाविक. कंबर वाकवायचं काम असलं की ते देवावर सोडतो, आणि आरतीला पुढं उभं राहायचं असलं की मात्र स्वतः धावतो.

"वयनी, खारं पानी शिरलं म्हंजे जमीन मेली," ज्ञानू म्हणाला. "भराव टाकू, गाड्या उभ्या करायला देऊ. डंपरवाला तयार हाय. दादाची फकस्त सही पायजे."

"मेली नाय, रुसली हाय. तीन पावसाले धुतली का गोड व्हईल. माज्या सासऱ्यानी केलेलं या डोल्यांनी बघलंय मी."

"तीन वरसं वाट बघनार?"

"बघीन. तुज्यासारकी खुर्चीत बसून नाय बघनार."

जानू बायको आणि भावाच्या मधे उभा होता. भांडणात तो नेहमी खुंटासारखा उभा राहायचा. शेवटी एवढंच बोलला, "तीन पावसाले. त्यात पीक नाय आयलं तर सही करीन."

पाऊस सरल्यावर जानू-कमळी दोघांनीच बांध बांधायला घेतला. ओहोटी लागली की उतरायचं, भरती आली की वर यायचं. सव्वा महिना लागला. आम्ही बाया नळावर तिला 'मिठाची मालकीण' म्हणून हसायचो. माझं हसू सगळ्यांत मोठं.

पहिल्या पावसाळ्यात तिनं बी टाकलंच नाही. शेतात पावसाचं पाणी तुंबवायचं, मीठ त्यात उतरलं की ओहोटीला बांधातली फळी काढून ते खाडीत सोडायचं, पुन्हा फळी लावायची, पुन्हा पाऊस धरायचा. चार महिने हेच. शेवटी तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "कडू जहर."

दुसऱ्या पावसाळ्यात कमळी माहेरी भावाच्या दुखण्याला गेली, आणि ज्ञानूनं जानूला एका बाबाकडे नेलं. बाबानं अंगारा दिला, कोंबडा घेतला आणि सांगितलं, याच वर्षी पेर. जानूनं पेरलं. रोपं बोटभर आली, हिरवीगार. आठ दिवसांत लाल पडली आणि जळाल्यासारखी आडवी झाली. बघायला सगळा गाव लोटला. बांध बांधायला एकजण आला नव्हता, पण जळलेलं पीक बघायला म्हातारेसुद्धा काठी टेकत आले.

"देवीनं कौल दिला," ज्ञानू म्हणाला. बाबाचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही.

कमळी परत आली. ती जानूला एका शब्दानं टाकून बोलली नाही. त्यालाच तो जास्त घाबरला. ती सरळ गावदेवीला गेली. आता तरी रडेल म्हणून मी मागोमाग गेले. नारळ नाही, फूल नाही. चिखलाच्या पायांनी पायरीवर बसली.

"आये," ती म्हणाली, "बांध मी बांधला, पानी मी सोडलं. मीठ काडनं माज्या हातात नाय. ते तुजं काम. कवा काडायचं ते तूच ठरव. मी नवस बोलनार नाय, तुना घाई करनार नाय. फकस्त उद्या सकाली उठायची ताकद दे."

माझं हसू तिथंच वाळलं. दुसऱ्या दिवशी मी घमेलं घेऊन बांधावर गेले. नळावरच्या बाया मग मलाही हसल्या. हसू देत, शिकवलेलं मीच होतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस चार दिवस पडला आणि गेला. वीस दिवस आभाळ कोरडं. शेतात मीठ पुन्हा पापुद्र्यासारखं वर आलं. डंपरवाला टेप घेऊन आला, मापं घेतली. ज्ञानूनं कागद पुढं केला. जानूनं पेन मागितलं.

कमळी म्हणाली, "तिसरा पावसाला सरला काय? श्रावन बाकी हाय."

"आता कसला पाऊस पडतोय वयनी!"

"नाय पडला तर मी सोता तुना पेन आनून दीन."

जानूनं तिच्या हातांकडे बघितलं. चिखलानं नखं काळी पडलेली, तळवे फाटलेले. त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

नागपंचमीला पाऊस लागला तो सहा दिवस थांबला नाही. प्रत्येक ओहोटीला आम्ही तिघं फळी काढायचो, लावायचो. सातव्या सकाळी कमळीनं माती जिभेवर ठेवली. या वेळी थुंकली नाही. मग चिमूटभर जानूच्या हातावर ठेवली. त्यानं चाखली आणि बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. वरच्या माळावर तिनं रोप करून ठेवलंच होतं. आम्ही त्याच दिवशी लावणीला वाकलो.

वरचं अर्धं शेत पिकलं. खालच्या अर्ध्यात नुसतं गवत. कापणीच्या दिवशी ज्ञानू आला, चपला हातात घेऊन शेतात उतरला, दोन कणसं छातीशी धरली आणि फोटो काढून गेला. तासाभरानं तो फोटो गावाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, 'देवीची कृपा, आमच्या कष्टाचं फळ.' शंभर जणांनी हात जोडले.

मी फणफणत कमळीला दाखवला. "बघ या निलाजऱ्याला! जरा लाज?"

तिनं मोबाईल लांब धरून नीट बघितलं.

"पाय भरलेत त्याचे चिखलात," ती म्हणाली. "देवीनंपन याची काय कमी वाट नाय बघली, दुर्गे."

आणि ती पुढच्या कापणीला वाकली.