कबूतर रविवारी का येई

व्यासपीठावरून बाबा म्हणाला, "ये बाळा, आई बोलावतेय," आणि दोनशे डोक्यांवरून पांढरं कबूतर येऊन घड्याळवाल्याच्या बायकोच्या खांद्यावर, बाबाने दिलेल्या लाल रुमालावर बसलं. हॉलभर हुंदके. गेलेला जीव पाखरात उतरतो, बाबा समजावत होता, पण त्यासाठी आईला देह झिजवावा लागतो. स्वतःचा देह त्याने नीट राखला होता.

लेक जाऊन सात महिने झाले होते. घड्याळवाल्याला मात्र हाकेमागोमाग एक बारीक टिक ऐकू आली. तीस वर्षं स्प्रिंगा ऐकलेला कान.

घरी बायकोची वही सापडली.

पहिला रविवार. गोळी घेतली. आली नाही.
दुसरा. गोळी विसरले. आली.
तिसरा. गोळी नाही. आली नाही. काय चुकलं?
चौथा. गोळी नाही, जेवण नाही, अनवाणी गेले. आली.

गोळी फिटची होती. त्या आठवड्यात बायको दोनदा झटका येऊन पडली होती.

पुढच्या रविवारी बाबाने हाक मारायच्या आत घड्याळवाला उठला. स्वतःच्या खांद्यावर लाल फडकं टाकलं, खिशातल्या डबीचं झाकण दाबलं.

टिक.

कबूतर त्याच्याकडे आलं आणि फडक्याच्या घडीत चोच खुपसून दाणे शोधू लागलं.

बाबा पापबुद्धीबद्दल काहीतरी बोलू लागला. कुणी ऐकेना.

घड्याळवाल्याने साधंच सांगितलं. टिक झाली की लाल रुमालात दाणे, हे भुकेलं पाखरू चार दिवसांत शिकतं. टिक करायची की नाही, हे बाबाचा अंगठा ठरवतो. कबूतर दर वेळी आलं असतं, तर एकदा चुकताच लोकांना संशय आला असता. कधीतरीच येतं, म्हणून आस सुटत नाही. आणि ते आलं त्या दिवशी आपण जे केलेलं असतं, तेच कारण वाटू लागतं.

"शिकवलंय दोघांना," तो म्हणाला. "पाखराला आणि आपल्याला. कुणी औषध सोडलं असेल तर आजच सुरू करा. पटत नसेल तर डबी घ्या, स्वतः वाजवून बघा."

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, सोडलेली साखरेची गोळी आता घेतली तर चालेल का. आधी डॉक्टरांना विचारा, पण आजच, असं त्याने सांगितलं.

बायको जागची हलली नव्हती.

"अहो, म्हणजे ती एकदाही आली नव्हती?"

"नाही."



"मग आता रविवारी मी कुठे जाऊ?"

"घरीच थांब," तो म्हणाला. "मला एकट्याला रडता येत नाही गं. पण आधी गोळी घे."