व्हॅनच्या जातीचा प्लग

मी स्पार्क प्लग बोलतोय. लांबूनच ऐका. हाताळणाऱ्या माणसांवर माझा भरवसा नाही.

वर पांढरी चिनीमाती, खाली लोखंडी आटे, टोकाला ठिणगी. एवढाच माझा देह. ठिणगी पडली नाही तर पेट्रोल पेटत नाही, गाडी हलत नाही. माझ्यासारखे चौघे एका इंजिनात राबतात.

आमचे मालक गोटीराम, कोपरखैरणे गावातले. तीस वर्षं त्यांनी व्हॅनमधून मार्केटात भाजी वाहिली. व्हॅन गेली, मोटार आली. दोन वर्षांपूर्वी मोटारीचे प्लग बदलायचे होते. त्यांनी अडगळीतून व्हॅनचा जुना प्लग शोधला, रुमालात बांधला आणि दुकानात नेला. "असाच दे. खोक्यावर काय छापलंय ते मला सांगू नको."

दुकानदारानं तसेच चार दिले. त्यातला एक मी. आटे जुळले, मी बसलो. व्हॅनच्या जातीचा म्हणून मला गर्व होता.

पुढे गोटीरामांच्या बायकोची, विमलबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा वाशीला डायलिसिस. सकाळी सातला पोचायचं. ज्याला उशीर, त्याचा मशीनवरचा वेळ कापला जातो.

आणि गाडी अडखळू लागली. मला वाटलं, पेट्रोलात भेसळ असणार. शेजारचे तिघे कामचोर असणार. मेकॅनिक किसनवर तर माझा पक्का संशय होता. त्यानं आम्हाला तीनदा काढलं, काजळी घासली आणि दर वेळी म्हणाला, "काका, बदला आता."

"तुजं कमिशन किती?" गोटीरामांनी विचारलं. मला ते पटलं.

परवा मंगळवारी वाशीच्या सिग्नलवर गाडी बंद पडली. मागून हॉर्न, पुढे मोकळा रस्ता. विमलबाई पाऊण तास उशिरा पोचल्या. घरी आल्या तेव्हा पाय सुजलेलेच होते, दम लागत होता. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं चालणार नाही.

"रिक्षानं जाऊ," त्या म्हणाल्या.

"दारात गाडी हाय ना माजी!"

बुधवारी ते तुर्भ्याच्या दुकानात गेले. या वेळी रुमालात मी होतो; दुकानाच्या दारातच बॉनेट उघडून त्यांनी मला काढलं. काउंटरवर संघमित्रा नावाची मालकीण.

"काका, नमुना ठेवा बाजूला. गाडी कुठली, साल कुठलं?"

"नमुना बघ. डोळे हायेत ना?"

"डोळ्यांना आटे दिसतात. आत किती तापतो ते दिसत नाही. गाडीचं पुस्तक आहे का?"

पुस्तक होतं. डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकमध्ये, कधीच न उघडलेलं. गोटीरामांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात. तिनं पान काढून दिलं. त्यांनी पुस्तकातल्या आकड्यावर बोट ठेवलं, मग नव्या खोक्यावरच्या. दोन्ही एकच. मग मला उजेडात धरलं. माझा आकडा वेगळा.

"हा थंड प्लग आहे काका. जवळच्या फेऱ्यांत पुरता तापत नाही, काजळी जळत नाही. मग गाडी बंद पडणारच."

गोटीरामांनी मला पुन्हा रुमालात गुंडाळलं. "मंजे मीच बसवला," ते म्हणाले. "किसनला उगाच बोललो."

मीही तसाच. सगळ्यांवर संशय घेतला, आपल्या अंगावरचा आकडा कधी पाहिला नाही.

तरी त्यांनी नव्या खोक्यांची सीलं नखानं तपासली. ते बरं केलं. नकली माल असतोच.

त्याच संध्याकाळी किसननं नवे प्लग बसवले. आज गुरुवार. मी मालकांच्या खिशात होतो. सातला दहा कमी असताना विमलबाई मशीनवर होत्या. परतताना म्हणाल्या, "ओ, आज गाडीला शिव्या नाय दिल्या. तोंड दुखतंय का?"

"गप बस, पानी पी," ते म्हणाले. मग आठवलं, पाणीही मोजूनच प्यायचं. दोघं हसले.

आता आम्ही चौघे पायरीवर पडलो आहोत. मघाशी भंगारवाला मागत होता. गोटीरामांनी त्याला हाकललं. "घासून नव्या खोक्यात घालतील. उद्या कुनाची तरी बायको अडकंल रस्त्यात." ते हातोडी आणायला आत गेले आहेत.

बरोबर आहे त्यांचं. मला घासलं की मी अजून चकचकीत दिसेन. तोच धोका. तुम्ही प्लग घ्यायला जाल तेव्हा माझ्यासारख्याला नमुना म्हणून नेऊ नका. पुस्तक उघडा, आकडा जुळवा.

आले. गोटीराम, घाव चिनीमातीवर घाला. आट्यांवर घातलात तर मी वाचेन.