दोघींपैकी एक

वॉकीटॉकी खरखरला तेव्हा सुनीती थर्मासचं झाकण उघडत होती. तिचा हात तसाच थांबला.

अंतिम रेषेजवळ उभ्या असलेल्या पंचाने वॉकीटॉकी कानाशी नेला. पांढऱ्या दाढीचा, सकाळपासून सगळ्यांशी हसून बोलणारा स्कॉटिश माणूस. आता तो हसत नव्हता.

"एक मुलगी पडलीय," तो म्हणाला. "हिरवा सूट. तिच्या मागून येणारीला झेंडा दाखवून थांबवलंय."

"मागून कोण येत होती?" सुनीतीने विचारलं.

"तीही हिरव्यातच आहे."

हिरवा सूट लीड्सच्या क्लबचा. त्या क्लबच्या दोनच मुली मुलांच्या या स्की रेसमध्ये उतरल्या होत्या. एक सुनीतीची कस्तुरी आणि दुसरी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या ऋजुताची सान्वी. दोघी बारा वर्षांच्या, एकाच शाळेतल्या. काल चौघी मिळून गाडीने स्कॉटलंडला आल्या होत्या. मागच्या सीटवर मुली चिप्स खात झोपून गेल्या होत्या.

सकाळच्या पहिल्या फेरीला लख्ख ऊन होतं. जेवणानंतर धुकं उतरलं आणि वरचा निम्मा उतार दिसेनासा झाला. दुसऱ्या फेरीत सुटण्याचा क्रम बदलतो. दोघींत आधी कोण सुटली, हे खाली उभ्या असलेल्या आयांना माहीत नव्हतं.

"नाव विचारा ना. प्लीज," ऋजुता म्हणाली.

पंचाने विचारलं. उत्तरात नुसता वारा ऐकू आला.

ऋजुताने सुनीतीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सुनीतीनेही तेच केलं. सहा वर्षांची मैत्री होती. एकमेकींच्या घरच्या किल्ल्या एकमेकींकडे असत. पण त्या घडीला दोघी दोन पावलं लांब सरकून उभ्या राहिल्या.

"मी डॉक्टर आहे. मला वर जाऊ द्या," सुनीती पंचाला म्हणाली.

"बचाव पथकाची माणसं स्लेज घेऊन निघालीत. पण तुम्ही जा. जाळीच्या बाहेरून जा."

"तू पण चल," ती ऋजुताला म्हणाली.

ऋजुताने मान हलवली. "तू जा. तुला कळतं त्यातलं. माझे पायच उचलत नाहीयेत."

सुनीती जाळीला धरून चढू लागली. बूट घोट्यापर्यंत रुतत होते. हॉस्पिटलात भूल देताना तिने कितीतरी मुलांचे मोडलेले हात-पाय पाहिले होते. मांडीचं हाड मोडलं तर आत किती रक्त साठतं, मान दुखावली तर काय होतं, हे सगळं तिला पाठ होतं आणि आता ते एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोर येत होतं. ती काहीतरी पुटपुटत होती. आपण काय मागतोय हे लक्षात आलं तशी ती थांबली. मग पुन्हा तेच पुटपुटत चढू लागली.

धुक्यात आधी एक सुटलेली स्की दिसली. मग हिरवा रंग. मुलगी कुशीवर पडली होती, तोंड पलीकडे होतं. बाजूला रेसच्या उतारावर पहाऱ्याला असलेली एक तरुण मुलगी गुडघे टेकून बसली होती.

"कस्तुरी?"

हेल्मेट हळूच वळलं. गॉगल वर सरकलेला, ओठ पांढरे पडलेले.

"नाही काकू. मी सान्वी."

"बरं झालं," सुनीती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले होते. सान्वी तिच्याकडे बघत राहिली.

सुनीती बर्फात बसली. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. मान दुखते का, बोटं हलतात का, इथे हात लावलेला कळतो का. डावा पाय नडगीत मोडला होता. बाकी मुलगी ठीक होती. वर, थोड्या अंतरावर, कस्तुरी काठ्यांवर रेलून उभी होती.

"आई! सान्वी ओके आहे का?"

सुनीतीने हात वर केला.

पहाऱ्यावरच्या मुलीने वॉकीटॉकी तिच्यापुढे धरला. खाली नाव कळवायचं होतं. सुनीतीने बटण दाबलं. खाली ऋजुता कशी उभी असेल ते तिला दिसत होतं.

"सान्वी," ती म्हणाली. "शुद्धीवर आहे. पाय मोडलाय."



बचाव पथकाच्या लाकडी खोलीत हीटर होता, ओल्या लोकरीचा वास होता. सान्वीचा पाय फळीला बांधला होता आणि पथकातला एक माणूस तिच्या उशाशी बसला होता. वेदना कमी करणारा गॅस ती नळीने ओढत होती. अँब्युलन्स निघाली होती. ऋजुता तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती, आणि सुनीती दाराशी उभी होती. निघून जावं की थांबावं, तिला कळत नव्हतं.

"खूप घाबरलीस का गं?" ऋजुताने विचारलं.

"पहिल्यांदा. आय वॉज ऑल अलोन." सान्वीचे शब्द जड येत होते. "मग काकू आला. काकू आल्या. आणि म्हणाल्या, बरं झालं." तिने नळी बाजूला केली. "म्हणजे माझी पाय बरी होणार, ना?"

ऋजुताचा हात केसांवरच थांबला.

सुनीती खाली बघत राहिली. फरशीवर तिच्या बुटांचं पाणी पसरलं होतं.

"हो," ऋजुता म्हणाली. "बरा होणार." आणि तिचा हात पुन्हा फिरू लागला.

बाहेर भोंगा वाजला. रेस परत सुरू होत होती.

"कस्तुरीला री-रन देणार, परत वरून," सान्वी म्हणाली. "आई, तू बघ आणि मला सांग. जा ना. हे अंकल आहेत इथे."

दोघी बाहेर आल्या. धुकं तसंच होतं. सुनीती जाळीशी जाऊन उभी राहिली. ऋजुता मागे कुठेतरी थांबली असेल असं तिला वाटलं. वळून बघायचं तिचं धाडस झालं नाही.

"ऋजुता," ती समोर बघतच म्हणाली, "मी वर गेले तेव्हा..."

"आत्ता नको."

आवाज अगदी जवळून आला होता. पंचाने वॉकीटॉकी ऐकून त्यांच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. कस्तुरी सुटली होती.

ऋजुताने सुनीतीचा दंड धरला. जाड जॅकेटातूनही तिची बोटं रुतली, दुखेल इतकी. सुनीतीने हात सोडवून घेतला नाही. वर, न दिसणाऱ्या उतारावर, बर्फ खरवडत येणाऱ्या स्कींचा आवाज सुरू झाला.