दुसरा कागद

दस्तगीर जमादार निजामाच्या फौजेत एकवीस वर्षं काढून पेन्शनीवर गावी आला, तेव्हा त्याला नुसती शेती करायची होती. पण अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात पैनगंगेच्या दोन्ही अंगांना बंदुका फिरू लागल्या. साखरा गावाच्या उत्तरेला नदीकाठी असलेल्या त्याच्या लहानशा गावानं राखणीचं काम त्याच्या गळ्यात घातलं. हाताशी एकोणीस माणसं आणि बारा बंदुका. मग वरून रझाकारांची वर्दी आली, सालार, म्हणजे तुकडीचा म्होरक्या, हा किताब आला. त्यानं दोन्ही घेतलं.

जुलैत त्याच्या माणसांनी नदीपलीकडच्या तांड्यावर जाऊन दोन झोपड्या जाळल्या. त्यानं तसा हुकूम दिला नव्हता. पण शिक्षाही कुणाला केली नाही.

त्या तांड्याचा नेमसिंग वऱ्हाडच्या हद्दीत निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचा कॅम्प चालवायचा. ऑगस्टच्या अखेरीला त्यानं थावरा नावाच्या आपल्या चुलतभावाबरोबर एक कागद धाडला. बंदुका आणि वर्द्या नदीवर आणून द्या, गावातल्या कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही, एवढंच त्यात होतं.

दस्तगीरनं चावडीत दोघांना बोलावलं. उर्दू शाळेचे जलालुद्दीन मास्तर आणि गावचे पाटील तातेराव.

"सही करून टाका, भाऊ," पाटील म्हणाले. "नेमसिंग शब्दाचा माणूस हाय."

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. "हैदराबादहून कुमक येऊन राहिली, जमादार. आज झुकलो तर उद्या आपल्याला कोन विचारंल? आधी ताकद दाखवा, मग बोलणी करा."

मास्तरांचं बोलणं फौजी माणसाला पटण्यासारखं होतं. दस्तगीरनं कागद परत धाडला आणि ताकद दाखवायला सात जणांना नदीच्या उतारावर पाठवलं. त्यांच्यात त्याच्या वारलेल्या भावाचा एकुलता मुलगा अल्लाबक्ष होता. "चाचा, किती वेळ थांबायचं?" एवढंच त्यानं विचारलं होतं. "मी सांगेपर्यंत," दस्तगीर म्हणाला होता.

पलीकडून गोळीबार झाला, त्यात नदीला लोंढा आला. तिघं परत आले. तिघांची प्रेतं लव्हाळ्यात अडकलेली सापडली. अल्लाबक्ष सापडला नाही.

चौथ्या दिवशी दस्तगीर दुपारचा जेवायला बसला असताना त्याला पाणी ठिबकल्याचा आवाज आला. त्यानं वर बघितलं. दाराशी अल्लाबक्ष बसला होता. बाह्या चिंब, हात गुडघ्यांवर. बायको खुर्शीदबी भाकरी वाढत होती, ती त्याच्या अगदी जवळून गेली आणि आली. तिला काही दिसलं नाही. त्यानंतर तो रोज येऊ लागला. शेतात बांधावर, नमाजाच्या वेळी शेवटच्या रांगेत. तो बोलत नसे, रागावलेलाही नसे. हुकमाची वाट बघत असल्यासारखा नुसता बसलेला असे.

सप्टेंबरच्या मध्याला हिंदी फौज निजामाच्या हद्दीत शिरली. दोन दिवसांत एकेक नाकं पडल्याच्या बातम्या आल्या. कुमक काही आली नाही. बुधवारी सकाळी दस्तगीरनं माणसं मोजली तर आठ होती. बाकीचे वर्द्या विहिरीत टाकून पांगले होते. दुपारी थावरा पुन्हा आला. त्याच्या हातात कागद होता.

चावडीत पुन्हा तिघं बसले. थावरा दाराशी उभा राहिला. खांबाला टेकून अल्लाबक्ष बसला होता, आणि त्याच्या बाहीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. दस्तगीर तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

"आठ माणसांनी काय होनार?" तातेराव म्हणाले. "फौज परवा इथं आसंल. तिच्या मागून कोन कोन येईल, कुनी सांगावं?"

मास्तरांचा आवाज बसला होता. "हिंगोलीला निघून जाऊ. आठ जण, आठ बंदुका. रस्ता अजून खुला हाय."

"आन् बाया-लेकरं?"



तेवढ्यात अल्लाबक्षची आई, अख्तरी, पायऱ्या चढून आली. चावडीत बायका येत नसत. पाटील उठून उभे राहिले. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "मास्तर, तो कागद मोठ्यानं वाचा."

मास्तरांनी वाचला. चार ओळी होत्या.

"मागं आला होता, तो आन् हा, एकच हाय का?"

मास्तरांनी कागद उलटसुलट केला. उत्तर थावरानं दिलं. "व्हय, बाई. बराबर तोच. नवं काही न्हाई लिवलं."

 अख्तरी पदर सावरून आली तशी पायऱ्या उतरून गेली. ती रडली असती किंवा तिनं शिव्या दिल्या असत्या तर दस्तगीरला सोसलं असतं.

"चुकलं माझंच," मास्तर पुटपुटले.

"तुमी सल्ला दिला, मास्तर," दस्तगीर म्हणाला. "हुकूम माझा होता."

त्यानं सही केली. आठ बंदुका आणि आठ वर्द्या बैलगाडीत घातल्या, सगळ्यांत वर स्वतःची ठेवली, आणि पाटलांना घेऊन नदीवर गेला. अल्लाबक्ष गाडीमागून चालत होता.

नेमसिंग वाळूत उभा होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. बंदुका मोजून झाल्यावर तो म्हणाला, "झोपड्या जळल्या तवा माझी चुलती आत होती. तुमाला ठाव हाय का?"

दस्तगीरला ते ठाऊक नव्हतं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"मग कागद काहून धाडला? तेबी दोनदा?"

"तिचं लेकरू वाचलं. त्याला शेजारी लागतीन." नेमसिंगनं नदीकडे बघितलं. "तुमचं एक पोरगं आमच्याकडं वाहून आलं होतं. कोसभर खाली चिंचेपाशी माती दिली. पलीकडच्या गावच्या मौलवीला आनलं होतं."

दस्तगीर वाळूतच बसला. पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवारी लढाई संपली. त्यानंतरच्या आठवड्यात आसपास मुसलमानांची कितीतरी घरं जळाली, माणसं मारली गेली. दस्तगीरच्या गावावरही बाहेरच्या लोकांचा जमाव चालून आला. नेमसिंग पाच माणसं घेऊन वेशीवर बसला होता, आणि त्याच्या शेजारी तातेराव. चार दिवस ते तिथून उठले नाहीत. त्या गावातलं एकही घर जळालं नाही.

दस्तगीरला फौजेनं पकडून नेलं. खटल्याच्या वेळी त्यानं झोपड्यांची गोष्ट स्वतःहून सांगितली. दीड वर्षानं तो सुटला, तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. दुसऱ्याच दिवशी तो अख्तरीच्या दारात गेला.

"चला, भाभी. तुमाला जागा दाखवतो."

"मी बघितली हाय. थावरानं नेलं होतं," ती म्हणाली. तरीही ती निघाली.

चिंचेखाली दोघं बसले. अख्तरीनं फातेहा म्हटला. दस्तगीरला म्हणता येईना. थोड्या वेळानं, कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यानं तिला सांगितली. "भाभी, तो मला दिसतो. तुरुंगातबी दिसायचा. आताबी हितंच हाय."

अख्तरीनं आजूबाजूला बघितलं. तिला दिसला तो ढेकळांचा उंचवटा आणि पलीकडे नदी.

"मला एकदाबी न्हाई दिसला," ती म्हणाली. "मी किती वाट बघते." मग तिनं हळूच विचारलं, "तब्येतीनं कसा हाय? उपाशी तर न्हाई दिसत?"

 इतक्या दिवसांत दस्तगीरनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलंच नव्हतं. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच बघू लागला.