पान एक्केचाळीस

आई निवृत्त झाल्यावर दिवसभर काय करणार, असं घरात कुणी विचारलं नव्हतं. तरी लेकीने त्याचं उत्तर पार्सलने पाठवून दिलं. जाड पानांची एक दणकट वही, रंगीत कागदांचा गठ्ठा, चमकीच्या चार डब्या आणि मागाहून फोन: "आई, यात तुझं आयुष्य चिकटव."

आईने चमकी शेजारणीच्या गळ्यात मारली, रंगीत कागद कपाटाच्या तळाशी टाकले आणि वही तेवढी ठेवून घेतली. एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात तिने सत्तावीस वर्षं काढली होती. कोरी वही दिसली की आधी पानांना नंबर घालायचे, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. पहिल्याच दिवशी तिने एक ते चौसष्ट नंबर घातले, पट्टीने समास आखले आणि गॅसवर पिठाची खळ शिजवायला ठेवली. नवरा कामावरून आला तर घरात खमंग वास. त्याला वाटलं खायला काहीतरी आहे. झाकण काढून चव घेतली, तेव्हा कळलं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. एकतीस वर्षं तो लोकांच्या डोक्यावर बसून त्यांना वरखाली करत आला होता आणि त्यातल्या कुणी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. बोलायचाही बेताचंच.

दोन महिन्यांत वही फुगली. बायको दुपारी जेवणाच्या टेबलावर बसायची, कापायची, खळ लावायची आणि संध्याकाळी वहीवर गार इस्त्री ठेवून उठायची. आत काय आहे ते नवऱ्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मग एका रविवारी ती बहिणीकडे गेली आणि नवऱ्याने वही उघडली. म्हणजे तसं काही नव्हतं. इस्त्री सरकवताना ती उघडली गेली, असं त्याने नंतर शपथेवर सांगितलं.

शेजाऱ्यांच्या मांजराला दोन अख्खी पानं होती. मिशीचे तीन केस, गळ्यातला पट्टा, खाली तारीख. पुढे अठरा नंबरच्या बसचं तिकीट. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानाची पिशवी, नीट घडी घालून. बायकोच्या अक्कलदाढेचा एक्स-रे. लेकीच्या शाळेच्या गणवेशाचं बटण. मेहुणीच्या हातून फुटलेल्या कपाचा कान. एका पानावर कसल्याशा चिटोऱ्या होत्या, बारीक सुबक अक्षरातल्या. लेकीचा अभ्यास असेल, असं म्हणून त्याने पान उलटलं. भरलेली त्रेपन्न पानं त्याने दोनदा चाळली. त्याचा फोटो नाही, नाव नाही, नखाएवढा उल्लेख नाही.

त्याने फार मनाला लावून घेतलं नाही. फक्त जेवला नाही.

"मांजराला दोन पानं," तो सोमवारी म्हणाला, "आणि मला शून्य."

तो आणि त्याचा जोडीदार एका लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवे बसले होते. जोडीदाराला सगळे वंगण म्हणत, कारण बावीस वर्षांत त्याचे हात स्वच्छ असलेले कुणी पाहिले नव्हते.

"मांजर देखणं असेल," वंगण म्हणाला.

"एका डोळ्याने आंधळं होतं."

"मग वागायला चांगलं असेल."

"चावायचं."

वंगणने विचार केला. लग्न न केल्यामुळे त्याला संसारातलं सगळं कळत असे. "तू समोर पडत नाहीस," तो म्हणाला. "तुझी काहीतरी वस्तू टेबलावर ठेव. हाताशी आली की चिकटवेल."

नवऱ्याने ते मनावर घेतलं. दोघं नाटकाला गेली होती, त्याची तिकिटं त्याने बरोबर खळीच्या वाटीशेजारी ठेवली. बायकोने उचलली, तारीख बघितली आणि केराच्या डब्यात टाकली. मग त्याने कागदपत्रांतून ते पत्र शोधून काढलं. दोन म्हाताऱ्या आणि एक फ्रिज यांना अडकलेल्या लिफ्टमधून सुखरूप काढल्याबद्दल एका अकरा मजली इमारतीने त्याला शिक्क्यासह आभाराचं पत्र दिलं होतं. ते बायकोने टेबल खराब होऊ नये म्हणून खळीच्या ब्रशखाली घातलं. शेवटी त्याने स्टुडिओत जाऊन, टाय उसना लावून, फोटो काढून घेतला.

"अगं बाई, छान आलाय की," ती म्हणाली. "कशासाठी काढलात?"

"असाच."

तिने तो मिक्सरच्या गॅरंटी कार्डासोबत ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता हद्द झाली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याने कप खाली आपटला. बावीस वर्षं जुन्या मोटारीनेही केला नसता इतका आवाज झाला.

"मी कुठे आहे?"

"इथेच तर आहात. खुर्चीत."

"वहीत कुठे आहे म्हणतोय मी! बस आहे, पिशवी आहे, तुझ्या बहिणीने फोडलेला कप आहे. मीच तेवढा नाही. मला वाईट वाटतंय, आणि हे तुला सांगावं लागतंय याचं आणखी वाईट वाटतंय."

एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता. बायकोने पदराला हात पुसले.

"वही उघडली होतीत?"

"उघडली गेली."

"अहो, पण चालू माणसाची फाइल रेकॉर्डला येते का कधी? पेशंट वॉर्डात आहे तोवर फाइल त्याच्या खाटेपाशी. तो बरा होऊन घरी गेला, नाहीतर कायमचा गेला, की मगच फाइल माझ्याकडे. मला दुसरी पद्धत येत नाही. जे बंद झालं तेच मी चिकटवते. मांजर गेलं. अठरा नंबर बंद झाली. दाढ काढली. तुम्ही इथे समोर बसून कप आपटताय. तुम्हाला कसं चिकटवू?"

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्याने आणखी एक कप चहा मागितला. मांजराबद्दलही त्याला एकदम माया वाटली. बिचारं. तिथेच थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण बायको रेकॉर्डची. अर्धी माहिती देणं तिच्या रक्तात नव्हतं.

"तुमचं एक आहे तसं," ती म्हणाली. "पान एक्केचाळीस."

तिने वही उघडून पुढे सरकवली. तेच सुबक अक्षरातल्या चिटोऱ्यांचं पान. लिफ्ट-तपासणीच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्या.

'चहा टोपात आहे. नवव्या मजल्यावर लिफ्ट अडकली. जातो.'

'उजवी चप्पल शिवून आणली. डावीला अजून महिनाभर धोका नाही.'

'तू झोपेत हसलीस. कारण संध्याकाळी सांग.'

'तुझा वाढदिवस आहे हे मला माहीत आहे. विसरलो असा समज करून घेऊ नये.'

"हे मी लिहिलंय?"

"नाहीतर काय शेजारच्यांनी? मी उठायच्या आत निघायचात, आणि रोज एक ठेवायचात. कधी टोपावर, कधी माझ्या चपलेत. या एवढ्याच उरल्या."

पानाच्या तळाशी तिच्या ठळक सरकारी अक्षरात नोंद होती: 'सकाळच्या चिठ्ठ्या. बंद.' पुढे तारखेची जागा रिकामी होती. बाकी सगळ्या पानांवर तारीख होती. मांजराच्या तर वेळही होती.

"तारीख का नाही?"

"मोबाइल आले, मग तुम्ही फोन करायला लागलात. मग फोनही कामापुरता. कुठल्या दिवशी बंद झालं ते लक्षातच आलं नाही हो. आलं असतं तर घातली असती."

तिने हे कुरकुरत सांगितलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. पण अठरा नंबरच्या बसबद्दल सांगावं तसं तिने सांगितलं. त्या दिवशी लिफ्टच्या छतावर बसून तो तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अर्धा तास नुसता थांबला, आणि खालून लोक बटण दाबत राहिले.

"मला वहीतून बाहेर पडायचंय," त्याने वंगणला सांगितलं.

"परवापर्यंत आत जायचं होतं."

"आत होतो. म्हणूनच."

"एकदा काय ते ठरव बाबा," वंगण म्हणाला.

संध्याकाळी त्याने बायकोला आडून विचारलं, की एकदा रेकॉर्डला आलेली फाइल परत बाहेर निघते का.

"निघते की. पेशंट परत भरती झाला, तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावती आणि पेन घेऊन ओट्यापाशी उभा राहिला. एकेकाळी हे त्याला चपला घालता घालता जमत होतं. आता वीस मिनिटांत कपाळाला घाम आला आणि कागदावर आलं ते असं: 'मी कामावर जात आहे.'

"ते मला माहीत होतं," ती संध्याकाळी म्हणाली.

पुढच्या दिवशी त्याने 'आज ऊन आहे' असं लिहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी 'आजही ऊन आहे.' एक दिवस चिठ्ठीत 'तुझे डोळे तळ्यासारखे शांत आहेत' असं आलं, कोपऱ्यात काळ्या अंगठ्याच्या ठशासह.

"हे वंगणभाऊजींनी सांगितलं का?"

"हो."

"त्यांना म्हणावं, उजव्या डोळ्याला नंबर आहे."

पंधरा दिवसांत पंधरा चिठ्ठ्या झाल्या. तिने त्या पिनेने एकत्र टाचून फळीवर ठेवल्या. वही जशीच्या तशी. शेवटी न राहवून त्याने विचारलंच, "निघाली का फाइल?"

"ही ओपीडी झाली," ती म्हणाली. "येऊन दाखवून गेला. ओपीडीसाठी कुणी तळघरात उतरून फाइल काढत नाही."

"मग आणखी काय करू?"

"मला काय विचारता? पेशंट मी आहे का?"

त्याला आता खरंच भीती वाटू लागली. आपल्याकडे लिहायला काही उरलेलंच नाही, ते वीस वर्षांपूर्वी संपलं आणि बाईने फक्त नोंद केली, असं त्याच्या मनात येई. सोळाव्या दिवशी सकाळी तर चिठ्ठीचा विषयच निघाला नाही, कारण भांडण झालं. टेबलफॅनची वायर सोलायला त्याने हाताला लागली ती कात्री घेतली, आणि ती तिची होती.

"अहो! ही कागदाची कात्री आहे!"

"कात्री ती कात्री."

"धार बघा! दात पडले तिला! तुमच्या पान्याने मी कधी नारळ फोडलाय का?"

"कात्रीचं एवढं! जन्मभर तिकडचे कागद जपलेस, आता इकडचे जप. माणसाकडे बघ की जरा!"

"माणसाने बघण्यासारखं काही करावं मग!"

वहीचा, फाइलचा, कशाचाच विचार त्याच्या डोक्यात नव्हता. डोक्यात फक्त राख होती. बूट चढवले, दार आपटून निघाला, दोन मजले उतरला आणि तणतणत परत वर आला. बायको न्हाणीघरात होती. त्याने उभ्याउभ्या पावतीवर खरडलं, कागद फाटेल इतकं दाबून, आणि टोपाखाली सारून गेला.

दिवसभर तो वंगणशीही धड बोलला नाही. पाच वाजता घरी आला. दार उघडं होतं. बायको खिडकीपाशी टेबल ओढून बसली होती. समोर कोमट पाण्याची वाटी आणि ओलं फडकं. खिडकीच्या कठड्यावर सात चिठ्ठ्या पालथ्या घालून वाळत ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक चमचा, उडू नये म्हणून. खळ होती म्हणून बरं. गोंद असता तर पानासकट फाटल्या असत्या. आठवीच्या कडेला ती फडकं टेकवत होती. शेजारी सकाळची चिठ्ठी पडली होती: 'चूक तुझीच आहे. संध्याकाळी लवकर येतो.'

तो बूटही न काढता उभा राहिला.

"त्या पंधरा तुम्ही वहीसाठी लिहिल्या होत्यात," ती मान वर न करता म्हणाली. "ही मला लिहिलीत."

"त्यात चूक तुझी आहे असं लिहिलंय."

"वाचलं. चूक तुमचीच आहे."

"असेल," तो म्हणाला.

आठवी सुटली. मग नववी. रेकॉर्डमधली नोंद खोडायची नसते, हा नियम. तिने 'बंद' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, खाली 'परत भरती' लिहिलं आणि तारीख घातली, आजची. नोंदीच्या वरचं पान कोरं झालं होतं, नुसते खळीचे ओले चौकोन राहिले होते. आधी ज्या वहीत शिरायला त्याने जिवाचं रान केलं, तिच्यात आता त्याचं काहीही नव्हतं. त्याला हसू येईल असं वाटलं, पण रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. "उजेड अडवताय. वाळायच्यात अजून."