दुसरी फेरी

माझ्या पोटात आठ खाचा. त्या सकाळी चार भरलेल्या, चार रिकाम्या. झाकणाला एक भेग आणि तुटलेल्या कडीच्या जागी चिकटपट्टीचे तीन थर. मित्रांनो, मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नळ्या गरगर फिरवून रक्तातल्या पेशी तळाशी बसवणं, वर पिवळसर निवळ ठेवणं, एवढंच माझं काम.

नवा होतो तेव्हा मला रोज पुसत. "आवाजसुद्धा येत नाही याचा!" असं कौतुक होई. पुढे कडी तुटली. मी फिरेपर्यंत झाकण हाताने दाबून धरावं लागे. "म्हातारा नुसता खोकतो," तंत्रज्ञ ताई वैतागायची.

त्या चारांतली एक नळी शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. दोनदा दिवस राहून गर्भ टिकला नव्हता.

"वहिनी, डोळे मीट गं," नणंद म्हणाली.

"सुईचं काय मला? दिवसभर तीच असते हातात. कारण तेवढं कळू दे. औषध तरी सुरू होईल."

डॉक्टरांना संशय होता एका आजाराचा. त्यात शरीर स्वतःवरच उलटतं. अंगात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि तेच रक्त नळीत मात्र उशिरा गोठतं. हा उशीर गुणोत्तरात मोजतात. १.२ पर्यंत ठीक, त्यापुढे आजाराची खूण. पण निवळात प्लेटलेट्स या बारीक पेशी उरल्या तर ही खूण झाकली जाते. म्हणून ते निवळ वेगळं काढून पुन्हा एकदा फिरवायचं असतं.

उत्तर आलं १.१. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी कागद घेऊन ताईला गाठलं.

"दुसरी फेरी दिली होतीस?"

ताईची मान खाली गेली. "नाही मॅडम. झाकण दाबून हात भरून आला होता."

"मग हा रिपोर्ट जाणार नाही. आधी कडी बसवून घे. त्या बाईंना मी फोन करते."

मित्रांनो, एखादं यंत्र कुरकुरलं तर त्याला नावं ठेवू नका. काय मोडलंय ते बघा आणि वेळेवर दुरुस्त करा. त्याच्या पोटात कुणाच्या तरी काळजीचं उत्तर फिरत असतं.

नवी कडी बसली. बाई पुन्हा आल्या, पुन्हा दंड पुढे केला. मी एकदा फिरलो. ताईने निवळ दुसऱ्या नळीत घेतलं, झाकण लावलं. मी पुन्हा फिरलो.

गुणोत्तर : १.७.