जमनाबाईंचं बाकडं

कानडी मुलखातल्या होसकोट्याच्या पंपांच्या कारखान्यात जमनाबाईंना वर्षातून एकदा राज्य मिळत असे. एरवी त्या दवाखान्यातल्या नर्स. बोटाला पट्टी बांधा, डोकेदुखीची गोळी द्या, एवढाच कारभार. पण कामगारांच्या वार्षिक तपासणीचा दिवस आला, की सगळा कारखाना उपाशीपोटी त्यांच्या दारातल्या बाकड्यावर येऊन बसे. रक्त दिल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि आत कोणाला कधी सोडायचं ते जमनाबाई ठरवणार. "अक्का, माझं स्वल्प लवकर बघा," म्हणत फोरमनसुद्धा हात जोडी. त्यांचे यजमान विश्वासराव तिथेच स्टोअरमध्ये होते. नर्सबाईंचा नवरा पुढे घुसला असं कोणी म्हणू नये, म्हणून ते आपणहून सगळ्यांच्या मागे बसत. जमनाबाईंना याचा फार अभिमान.

शहाण्णव साली या राज्यात शिल्पाश्री आली. चिकपेटे बाजारातल्या कापडवाल्यांची मुलगी, आपल्या मराठी माणसांतलीच, वयानं जमनाबाईंच्या निम्मी. ही नवी नर्स मॅनेजरांना म्हणाली, सगळ्यांना एकदम बोलावून ताटकळत का ठेवायचं? रोज एकेक खातं बोलावू. रक्त आधी घेऊ. वजन, बीपी, डोळे न्याहारीनंतर. मॅनेजरांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी फाउंड्रीवाले सकाळचा भोंगा होऊन थोडा वेळ होतो तोच कँटीनमध्ये इडल्या खात होते. बाकडं रिकामं. कोणी हात जोडले नाहीत, कारण कोणाला थांबावंच लागलं नाही.

जमनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोर, आणि शाबासकी तिला! घरी भाकरी थापताना त्यांनी तोंड सोडलं, तर विश्वासराव शांतपणे म्हणाले, "पोर हुशार आहे, बरं का." झालं. तव्यावरची भाकरी करपली, तरी बाईंना पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यांनी सहज बोलल्यासारखं केलं. "उरलेल्या सगळ्यांनी उद्याच यायचं, उपाशीपोटी. दवाखान्यातून सांगितलंय." जमनाअक्काच सांगतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? संध्याकाळपर्यंत बातमी साऱ्या खात्यांत फिरली.

सकाळी बाकडं भरलं, व्हरांडा भरला, माणसं पायऱ्यांवर बसली.

"अक्का, आज फक्त पेंटशॉप होतं. हे सगळे कसे आले?" शिल्पाश्रीचा चेहरा उतरला होता.

"मला काय ठाऊक? तुझी पद्धत, तू आवर."

खोटं कशाला सांगायचं, बाईंना फार गोड वाटलं. मॅनेजर डोकावून कपाळाला आठ्या घालून गेले, तेव्हा तर अधिकच. शेवटी ती पोर म्हणाली, "सरी अक्का, बरं, तुम्हीच हाका मारा. मला आवरत नाही." जमनाबाई खुर्ची ओढून ऐटीत दाराशी बसल्या.

दुपार व्हायला आली. शिल्पाश्री पाण्याचा तांब्या घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. ही रांग मोडून कोणाला तरी पुढे आणणार, अशा संशयानं जमनाबाई तरातरा मागे गेल्या. पाठमोरे विश्वासराव बोलत होते.

"मला शेवटीच घे. सवय आहे."

"अण्णा, हात किती थरथरतात तुमचे. घाम बघा."

"दर वर्षी होतं हे. डोळ्यांपुढे अंधारी येते, मग जेवलं की बरं वाटतं. हिला सांगू नकोस, पोरी. वर्षातला हा एक दिवस ती खुशीत असते."

जमनाबाईंना आठवलं. काल संध्याकाळी यांनीच विचारलं होतं, "उद्या उपाशीच ना?" आणि आपण हो म्हटलं होतं.

"आधी यांचं रक्त घे," त्या शिल्पाश्रीला म्हणाल्या. "बाकीच्यांना जेवायला पाठव. ज्याच्या त्याच्या दिवशी या म्हणावं. मॅनेजरांनी विचारलं तर सांग, जमनाबाईंनी बोलावलं होतं."

शिल्पाश्री विश्वासरावांना हाताला धरून आत घेऊन गेली.

रक्त देऊन विश्वासराव बाकड्यावर बसले. घरचाच डबा, पण झाकण त्यांच्या हातून निघेना. जमनाबाई पुढे होईपर्यंत शिल्पाश्रीनं डबा उघडून त्यांच्यापुढे धरलासुद्धा. इतकी वर्षं या बाकड्यासमोर बसून जे आपल्याला दिसलं नाही, ते या पोरीला पहिल्याच वर्षी दिसलं. शाबासकीचा हेवा जमनाबाईंनी पुढे गिळला. पण या नजरेचा हेवा काही त्यांना कधी गिळता आला नाही.